धाकटीच्या तोंडातल्या टाचण्या

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली तेव्हा मला वाटलं, हिची जीभ जड आहे. सासूबाईंना वाटलं, पोर लाजाळू आहे. खरं कारण असं होतं की तिच्या तोंडात टाचण्या होत्या. घरातल्या सगळ्या पुरुषांचे कपडे ढगळ आहेत हे तिने दारातच हेरलं होतं, आणि एकेकाला गाठून ती ते बसते करत सुटली होती. सासऱ्यांना तिने जेवणाच्या टेबलाशी उभं करून त्यांच्या पाठीला टाचण्या लावल्या. ते जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून स्तब्ध उभे राहिलेले मी पाहिले.

ती पुरुषांचे कोट शिवते. तिचे वडील कोट शिवत, त्यांच्या पायाशी बसून ती शिकली. बाई कोट शिवते म्हटल्यावर लोक आधी हसत, मग घालून बघत, मग गप्प बसत. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर तिचं दुकान आहे. दर्शनी काच, आत कापायचं लांब टेबल, पायाची मशीन, तीन बाजूंचा आरसा आणि वाफ सोडणारी इस्त्री. आम्ही दोघीही आता एकट्याच, वरच्या मजल्यावर समोरासमोरच्या दारांत राहतो. सकाळी ती खाली उतरते आणि दुपारी मी तिच्यासाठी चहा घेऊन जाते. चहा प्यायला टाचण्या काढाव्या लागतात, म्हणून तो चहा हीच काय ती आमची बोलायची वेळ.

बाकी दिवसभर तिचं बोलणं म्हणजे नुसती गुणगुण. "म्हं" म्हणजे वळा. "म्म्हं" म्हणजे सरळ उभे राहा. भुवया उंचावून लांबलचक "हंऽऽ" केलं की पोट आत ओढून धरू नका, ते मला दिसलेलं आहे. गिऱ्हाइकांना हे सगळं पाठ झालं होतं. एका वकिलांनी मला एकदा विचारलं, "तुमच्या जाऊबाई आत्ता काय म्हणाल्या?" मी सांगितलं, "खांदे छान आहेत म्हणाली." ती म्हणाली होती, डावा खांदा पडलेला आहे, याने आयुष्यभर एकाच हाताने पिशवी उचलली असणार.

मापं ती कधीच लिहीत नाही. मी तिला एकदा चांगली जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणून दिली होती. त्या वहीवर ती अजून चहाचा कप ठेवते. कच्ची शिलाई करून गिऱ्हाइकाला घालून बघणंही तिला मान्य नाही. "एकदा मोजलं ना? मग पुन्हा कशाला बघायचं? भाजी चिरल्यावर भाजीलाच विचारतात का, बरी झालीस का?" आणि तिचा कोट पहिल्याच वेळी असा बसायचा की माणूस आरशापुढून हलत नसे.

नावं मात्र तिला कधीच आठवली नाहीत. स्वतःच्या मुलाला ती माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारते, आणि मला "अहो ताई" म्हणून सुटते. माणसं ती मापाने ओळखते. रस्त्यात कुणी नमस्कार केला की मला हळूच म्हणणार, "चव्वेचाळीस छाती, बुटका, मागच्या वर्षी करडा कोट." मग मी नाव सांगायचं.

तर अशी ही बाई. आणि गेल्या वर्षी तिने बेकरीवाल्यांना कोटात अडकवलं.

बेकरीवाले आमच्या रस्त्यावरचे सगळ्यात रुंद गृहस्थ. मुलीच्या लग्नासाठी त्यांना काळा कोट हवा होता. त्याच दिवशी एका वाद्यवृंदातला बासरीवादकही काळ्या कोटासाठी येऊन गेला होता, तो तर आपल्या बासरीइतकाच बारीक. कापड एकच, ताका एकच. कोट तयार झाला तेव्हा मी चहा घेऊन तिथेच होते. बेकरीवाल्यांनी एक हात घातला, दुसरा घातला, श्वास सोडला, आणि दोन्ही हात अर्धवट वर गेलेल्या अवस्थेत थांबले.

"बाई," ते अगदी शांतपणे म्हणाले, "मला पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही."

"हंऽऽ," धाकटी भुवया उंचावून म्हणाली.

"पोट आत घेतलेलं नाही हो. ते बाहेर काढायलाच जागा नाहीये."

मी एक बाही ओढली, धाकटीने दुसरी. बेकरीवाले आमच्यामध्ये गोल फिरले. तीन बाजूंच्या आरशात असे तीन बेकरीवाले तीन दिशांना फिरत होते. बाहेर काचेशी दोन माणसं थांबली, मग चार झाली. शेवटी पाठीची शिवण उसवावी लागली, तेव्हा ते पावाच्या फुगलेल्या गोळ्यासारखे एकदम बाहेर आले आणि खुर्चीवर बसून इतके हसले की खुर्चीचा पाय ढिला झाला. धाकटी हसली नाही. ती कोट टेबलावर पसरून बघत बसली. तिकडे बासरीवादकाला मिळालेल्या कोटात त्याच्यासोबत त्याचा एखादा मित्रही मावला असता.

ही पहिली चूक नव्हती. त्याआधी दोनतीन कोट परत आले होते, ते तिने गुपचूप दुरुस्त करून दिले होते. पण रस्त्यावरच्या काचेसमोर झालेली गोष्ट लपत नाही. ती तिच्या मुलाच्या कानावर गेली.

मुलगा दुसऱ्या शहरात अकराव्या मजल्यावर राहतो आणि विमा कंपनीत काम करतो. त्यामुळे त्याला जिथे तिथे धोका दिसतो. पोरगा मायाळू आहे, पण सुट्टीच्या दिवशी आला तो सगळं ठरवूनच.

"आई, तू विसरायला लागली आहेस."

"मी कुठे काय विसरले?"

"मला आत्ता दारात काकांच्या नावाने हाक मारलीस."

"ती तर मी तुझ्या बारशापासून मारते आहे," धाकटी म्हणाली, आणि हे खरंच होतं.

पण कोटांचं काय, असं त्याने विचारलं तेव्हा ती टेबलावरचे खडू ओळीने लावायला लागली. मुलाने सांगितलं की दुकान भाड्याने घ्यायला मोबाइल दुरुस्त करणारा एक जण तयार आहे, आणि आईने आता त्याच्याकडे राहायला यावं. मशीन तिथे नेता येणार नाही, खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात. धाकटी एवढंच म्हणाली, "अकराव्या मजल्यावर मी कुणाची मापं घेऊ? कबुतरांची?" पण तिने कात्री टेबलावरून उचलून मांडीवर घेतली होती, आणि तिचा हात त्या कात्रीवरून निघत नव्हता.

मग मुलाने खिशातून फोन काढला. "काकू, मी एक वाचलंय. हिरड्यांचा जुना आजार असला की त्याचा मेंदूवर परिणाम होतो म्हणतात. आईच्या हिरड्यांतून रक्त येतं ना?"

"तुला कुणी सांगितलं?" धाकटीने विचारलं.

"तुझ्या ब्रशने."

दाताच्या डॉक्टरकडे जायला ती इतकी वर्षं तयार नव्हती. आता मात्र लगेच उठली. हिरड्या साफ केल्या की डोकं साफ होईल आणि दुकान राहील, असा सरळ हिशेब तिने मनाशी मांडला. मी आणि मुलगा तिला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन गेलो, तरी पुढे तीच चालत होती.

दातांच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण, उत्साही बाई. त्यांनी मुलाचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "संबंध असावा असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. हिरड्या वर्षानुवर्षं सुजलेल्या राहिल्या, तर तिथले जंतू आणि ती सूज रक्तातून बाकी शरीरालाही त्रास देत असावेत. पण एकामुळेच दुसरं होतं असं अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. कदाचित ज्यांना विसरायला होतं, ते दात घासायलाच विसरत असतील. तेव्हा हिरड्या बऱ्या करून स्मृती परत येईल असं वचन मी देणार नाही. हिरड्या बऱ्या होतील, एवढं मात्र नक्की. विसरण्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडेही जाऊन या."

"जाऊ," मुलगा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात वेळ घेतली आहे."

मग डॉक्टरीणबाईंनी आरसा आणि एक बारीक खुणांची सळई घेतली. हिरडी सैल झाली की दात आणि हिरडी यांच्यामध्ये खिसे तयार होतात, ते किती खोल आहेत हे आधी मोजावं लागतं, असं त्यांनी समजावलं.

धाकटीचे डोळे चमकले. "खिसे?"

"हो. दोनतीन मिलिमीटरपर्यंत चालतात. त्यापुढे वाईट."

"बरोबर आहे. उगाच खोल खिसा केला की कोटाचा आकार जातो."

डॉक्टरीणबाई एकेका दाताशी सळई टेकवून आकडा म्हणत होत्या आणि त्यांची सहायक मुलगी संगणकात भरत होती. तीन, दोन, तीन, पाच, सहा. धाकटी तोंड उघडं ठेवून टक्क जागी होती. मी तिला इतकी मन लावून ऐकताना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. अर्धं तोंड मोजून झालं आणि सहायक मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "मॅडम, हे सगळं गेलं. मी सेव्ह करायच्या आत बंद पडलं."

"पुन्हा मोजूया," डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला.

"आँ आँ," धाकटी म्हणाली. मग त्यांचा हात बाजूला करून तिने तोंड मिटलं, जीभ वरच्या दाढेपासून फिरवायला सुरुवात केली आणि एकेका दाताशी थांबत सगळे आकडे म्हणून दाखवले. डॉक्टरीणबाईंनी मध्येच दोनतीन ठिकाणी सळई घालून पडताळून पाहिलं. तंतोतंत बरोबर.

मुलगा खुर्चीच्या हाताला धरून उभा होता. "आई, हे कसं केलंस?"

"कसं म्हणजे? तोंडात कुठे काय ठेवलं ते माणसाला आठवत नाही का?"

"नाही," आम्ही तिघेही म्हणालो.

तिला ते खरंच वाटेना. मग तिने सांगितलं, आणि इतकी वर्षं रोज तिच्याबरोबर चहा पिऊनही मला जे माहीत नव्हतं ते मला तेव्हा कळलं. छातीची टाचणी वर डावीकडे. कमरेची खाली डावीकडे. बाहीची वर उजवीकडे, उंचीची खाली उजवीकडे. माप जितकं मोठं, तितकी टाचणी आत. कापायला बसलं की त्या त्या माणसाच्या टाचण्या तशाच लावायच्या, आकडा आपोआप येतो. "बेकरीवाले म्हटले की माझी डावी बाजू भरून येते," ती म्हणाली. "वडीलही असंच करायचे. मला वाटलं, सगळेच करतात. ताई लिहितात ते त्यांच्या तोंडात जागा कमी असेल म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आरसा घातला. "डावीकडच्या हिरड्या फार वाईट आहेत. इथे टाचणी धरवत नसेल."

"गेलं वर्षभर नाही धरवत. डावीकडच्या मी मनगटाला बांधलेल्या टाचण्यांच्या गादीला टोचते. कुणाला सांगितलं नाही."

मला एकदम त्या दोन काळ्या कोटांच्या बाह्या आठवल्या. त्या ज्याच्या त्याला अगदी बेतशीर होत्या. उंचीही बरोबर होती. अदलाबदल झाली होती ती फक्त छातीची आणि कमरेची. परत आलेल्या बाकीच्या कोटांचंही तेच. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मुलगा म्हणाला, "म्हणजे आई फक्त डाव्या बाजूचं विसरते?"

"विसरत नाही रे. ठेवतच नाही, तर आठवेल कसं?"

आम्ही चौघं हसलो, सहायक मुलगीही हसली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "पण बाई, टाचण्या आता बंद. उजवीकडच्याही. हिरड्या त्यांनीच सोलून काढल्या आहेत. साफसफाई केली आणि तुम्ही पुन्हा टाचण्या ठेवल्या, तर सगळं मुसळ केरात."

हिरड्या सांभाळायच्या तर मापं जाणार, आणि मापं सांभाळायची तर दात जाणार.

आठवडाभराने ती स्मृतीच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. आज तरी तसं काही दिसत नाही, वर्षाने पुन्हा दाखवा, असं ते म्हणाले. मुलाला तेवढ्याने धीर आला नाही. त्याचंही बरोबर होतं, कोट अजूनही चुकीचेच झाले असते. शेवटी असं ठरलं की बेकरीवाल्यांचा कोट ती पुन्हा कापेल, मुलगा समोर बसून बघेल. जमलं तर दुकान राहील. नाही जमलं तर मोबाइलवाल्याला किल्ली.

मधल्या दिवसांत हिरड्यांची साफसफाई झाली, रोज मऊ ब्रश, गुळण्या, दातांच्या फटींतून बारीक दोरा. दोरा तिला आवडला. "एवढी वर्षं दातांनी दोरा तोडला, आता दोऱ्याने दात घासते. फिट्टंफाट." पण तोंड रिकामं झाल्याचा भलताच परिणाम झाला. ती दिवसभर जे गुणगुणायची ते आता स्पष्ट ऐकू यायला लागलं. वकील कोट आखूड करायला आले तेव्हा ती म्हणाली, "डावा खांदा आणखी पडला, पिशवी बदला आता." शाळेच्या मुख्याध्यापकांना म्हणाली, "मागून बघणाऱ्याला वाटेल, कोट रिकामाच उभा आहे." मला वाटलं, आता गिऱ्हाइकं तुटणार. झालं उलटंच. लोक चांगल्या कोटांतही काहीतरी खोट काढून यायला लागले. मुख्याध्यापक तर दोनदा आले, दुसऱ्यांदा बायकोला घेऊन.

मापांसाठी मात्र काहीच जमेना. नुसती जीभ दाताला लावून आकडा येईना. खडूने हातावर खुणा केल्या, तर त्या इस्त्रीच्या वाफेने गेल्या. आपल्याच अंगावर टाचण्या टोचल्या, तर वाकलं की पडत. मी वही पुढे केली, तिने त्यावर कप ठेवला. मग एक दिवस चहा पिताना ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी कप खाली ठेवला.

"ताई, तुमचा स्वेटर चांगला जाड आहे."

"मग?"

"उभ्या राहा जरा."

अशी मी उभी राहिले. छाती आणि कंबर डाव्या बाहीवर, बाही आणि उंची उजव्या बाहीवर, माप मोठं तशी टाचणी खांद्याकडे. तिने लांबून माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले, उघडले, आणि मुख्याध्यापकांची चारही मापं म्हणून दाखवली. तेव्हापासून मी गावाचा आकार अंगावर घेऊन वावरू लागले. एकदा तशीच भाजी आणायला गेले, तर भाजीवाल्या बाई म्हणाल्या, "काय हो, ते सुया टोचायचे उपचार चाललेत का?" मी म्हटलं, "हो, जावेचे."

कोट कापायचा दिवस आला. बेकरीवाले सकाळीच मापं देऊन गेले, "या वेळी बाहेर यायची वाटही ठेवा," असं सांगून. टाचण्या माझ्या बाह्यांवर चढल्या. दुपारी फार उकडायला लागलं, म्हणून मी घरी जाऊन अगदी जपून स्वेटर काढला, जेवले, आणि तितक्याच जपून पुन्हा घातला. दोन ठिकाणी टोचलं, पण एकही टाचणी पडू दिली नाही.

खाली मुलगा खुर्ची टाकून बसला होता. काळं कापड टेबलावर पसरलं होतं. धाकटीने खडू उचलला आणि माझ्याकडे बघितलं. डोळे मिटले. उघडले. पुन्हा बघितलं. कपाळाला आठी पडली.

"छाती…" ती म्हणाली आणि थांबली.

मुलाने मान खाली घातली.

"छाती चोवीस," ती सावकाश म्हणाली. "कंबर तीस. बाही सेहेचाळीस, कोटाची उंची पन्नास." तिने खडू खाली ठेवला. "बेकरीवाले कमरेत माझ्याएवढे बारीक आणि हात घोट्यांपर्यंत. ताई, स्वेटर मागचा पुढे घातलाय तुम्ही."

मी हनुवटीखाली हात नेला. मागच्या गळ्याची पट्टी, धुवायच्या सूचनांसकट, माझ्या घशाशी होती. डाव्या बाहीवरचं सगळं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे गेलं होतं.

मग मुलाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, तर तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काकू," तो कसाबसा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तुमची वेळ घेऊ का?"

"त्यांना नको," धाकटी म्हणाली. तिने खडू उचलला होता, आणि मी बाह्या सरळ करायच्या आतच काळ्या कापडावर रेघ ओढायलाही लागली होती. "मला कळलं ते. छाती सेहेचाळीस, कंबर पन्नास. तू त्या मोबाइलवाल्याला फोन कर, आणि मग सरळ उभा राहा. विमा कंपनीत असा कोट घालून जातोस? यात दोन माणसांचा विमा निघेल."

मुलगा फोन घेऊन दाराबाहेर गेला. काचेतून दिसत होतं, तो बोलता बोलता एका हाताने कोटाच्या मागचा घोळ चाचपत होता.